सावेलिचच्या गोलची जाळी

मी जाळी बोलतेय. कोळ्याची नव्हे, फुटबॉलच्या गोलची. जन्म मात्र माशांसाठीच झाला होता. व्होल्गेच्या मुखाशी जाळी विणणाऱ्या बायकांनी मला गाठी मारल्या, पण भोकं फार मोठी पडली, म्हणून मला नदीच्या वरच्या अंगाला झातोन गावी, जहाजकारखान्याच्या संघाकडे धाडलं. माशांऐवजी चेंडू आले. मला दोन्ही सारखेच.

माझं पोट दुसऱ्याच्या चुकीवर भरतं, हे आधीच सांगून टाकते. गोलकीपरचं सगळं नीट चाललं असेल तर मला दिसते ती फक्त त्याची पाठ. गोल खाल्ला की तो वळतो, चेंडू काढायला वाकतो, तेव्हा कुठे तोंड दिसतं. वेनियामिन सावेलिचचं तोंड मी बारा वर्षं असंच पाहिलं. उंच, हाडकुळा, तांबूस मिशांचा गडी. चेंडू काढताना शिवी मलाच मिळे, "गिळलंस का, भवाने?"

पण मी फाटले की शिवायलाही तोच येई. बाप मासेमार होता, त्यामुळे गाठी हातात बसलेल्या. बाकीचे खेळाडू टिंगल करत.

"वेन्या, बायकोचे मोजेसुद्धा शिवतोस का रे?"

"शिवतो की. तुझ्या बायकोचेही दे पाठवून."

पुढे त्याचा गुडघा गेला आणि संघाने त्याला प्रशिक्षक केलं. लोक आता 'वेन्या' सोडून आदराने, बापाच्या नावावरून, 'सावेलिच' म्हणू लागले. प्रशिक्षकाने बाकाजवळ थांबावं असा नियम आहे. पण जित्याची खोड! सामना सुरू झाला की हा कडेकडेने सरकत माझ्यामागे येऊन उभा राही आणि तिथून गोलकीपरवर ओरडत सुटे. "डावीकडे! पुढे हो! आता नको, गाढवा, आता नको!" रेफरी हाकलून देत. हा जाई आणि पुन्हा येई.

त्या ओरडण्याने भले भले गोलकीपर लाकडी झाले. चेंडूकडे बघायचं सोडून मागे कान लावून उभे राहत. इल्नूर आला तोही तसाच झाला. पंचविशीचा, शांत तातार, हात मात्र सोन्यासारखे. एकदा सर्दीने सावेलिचचा घसा बसला होता. सरावात एक साधा चेंडू घरंगळत आला आणि इल्नूरच्या पायांमधून माझ्याकडे आला.

"अरे, बघत काय उभा होतास?" सावेलिच घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"तुम्ही काही म्हणालाच नाहीत."

सावेलिचची बायको राइसा चहाचा थर्मास घेऊन आली होती. ती म्हणाली, "तू गोलकीपर तयार केलेला नाहीस, वेन्या. हाक मारली की उठणारा कुत्रा पाळलायस." ते त्याला लागलं. झाकणातला चहा तसाच गार झाला.

त्या दिवसापासून तो खिशात सूर्यफुलाच्या बिया ठेवू लागला. ओरडायची उबळ आली की मूठभर तोंडात. माझ्यामागे टरफलांचा ढीग पडे. इल्नूर सुरुवातीला गोंधळला, चार-दोन गोल उगाच खाल्ले, मग हळूहळू स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लागला.

हंगामाचा शेवटचा सामना आला. हरलो तर संघ खालच्या गटात जाणार होता, आणि तसं झालं तर संघच बंद करीन, असं कारखान्याच्या संचालकाने उघड सांगितलं होतं. बरोबरी पुरेशी होती. मैदानावर चिखल होता. सामना संपत आला तरी एकही गोल नव्हता, आणि सावेलिच नेहमीसारखा माझ्यामागे, गाल बियांनी फुगलेले.

एक फटका आला. इल्नूरची बोटं चेंडूला लागली, तरी तो खांबाच्या आतून शिरला आणि माझ्या खालच्या कोपऱ्यातला जुना दोर तोडून थेट सावेलिचच्या नडगीवर आदळला. रेफरी चिखलात घसरून पडला होता. कडेच्या पंचालाही माणसांच्या गर्दीत काही दिसलं नव्हतं. पाहुणे ओरडले, "गोल!" आपले ओरडले, "बाहेरून गेला!"

रेफरी पँट झटकत आला. "सावेलिच, तुम्ही तर इथेच उभे होता. बोला."

"मी? मला इथे उभं राहायची परवानगी कुठे आहे? हंगामभर तुम्हीच हाकलताय. गोल राखतो तो इल्नूर, त्यालाच विचारा."

आणि तो पाठ फिरवून उभा राहिला. इल्नूर त्या पाठीकडे बघत राहिला.

"आत गेला होता," इल्नूर म्हणाला.

आपण हरलो. संचालक धावत आला. "एक शब्द, सावेलिच! एका शब्दाचं काम होतं!" सावेलिच वाकून माझा तुटलेला दोर गाठू लागला. महिन्याभरात संघ बंद झाला. गावातले काही जण आजही त्याच्याशी बोलत नाहीत.

मला तो घरी घेऊन आला. आता मी त्याच्या बागेत चेरीच्या झाडावर पसरलेली असते, पाखरं हाकलायला. सावेलिच शेजारच्या गावात शाळेतल्या मुलांना गोल राखायला शिकवतो. परवा इल्नूर आला होता. तो आता समाराच्या एका संघात आहे. आईने मधात घोळवून केलेली चक-चक ही तातारी मिठाई डबाभर घेऊन आला. दोघं माझ्याखाली बसले.

"सावेलिच, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही मला एक शब्दही बोलला नाहीत. साधं 'खरं सांग' एवढंसुद्धा नाही. इतका विश्वास होता माझ्यावर?"

"विश्वास कसला डोंबलाचा!" सावेलिच म्हणाला. "तुझ्याकडे वळून तोंड उघडलं असतं तर 'बाहेर' असंच ओरडलो असतो."

इल्नूर हसला नाही. त्याने डबा सावेलिचपुढे सरकवला.

वाचकहो, माझं सांगून झालं. तुमच्याही पाठीमागे उभं राहून सतत ओरडणारं कुणी असेल, तर त्याला एकदा या बागेत पाठवून द्या. चेरी पिकल्या आहेत, आणि सावेलिचकडे बिया अजून खिसाभर असतात.