पश्चात कोण, ते सांगणारं फंक्शन

मित्रांनो, मी एक जुनं फंक्शन आहे. हाताला लागणार नाही, डोळ्यांना दिसणार नाही. फंक्शन म्हणजे संगणकाला एकदा शिकवून ठेवलेलं छोटंसं काम. एका वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर निधनवार्तांचं पान आहे. त्या पानाचा साचा ठरलेला असतो. त्यात रिकाम्या जागा असतात आणि लोकांनी पाठवलेल्या प्रत्येक नोंदीप्रमाणे त्या भरल्या जातात. 'त्यांच्या पश्चात' आणि 'असा परिवार आहे' या शब्दांमधली जागा माझी होती.

मला लिहिलं ते वेबसाइट सांभाळणाऱ्या बाईंनी. कचेरीत सगळे त्यांना ताई म्हणत. जिन्याखालच्या ओल आलेल्या खोलीत त्या बसायच्या. माझ्याआधी त्या जागी नोंद जशीच्या तशी उतरायची, 'पत्नी, मुलगा २, मुलगी १,' अशी. शेवटचा स्वल्पविरामही तसाच लोंबकळत असायचा. संपादक वैतागायचे. "अहो ताई, माणूस गेलाय! किराण्याची यादी आहे का ही?"

मग ताईंनी मला 'दोन मुलगे', 'एक मुलगी' असं नीट म्हणायला शिकवलं. शेवटच्या नात्याआधी 'आणि' घालायला शिकवलं. नात्यांचे ठरावीक शब्द मला दिले आणि बाकीचे गाळायला सांगितले, म्हणजे भलतंसलतं काही छापलं जायला नको. "आता कसं, वाचवतं तरी," संपादक म्हणाले. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच.

एका दुपारी एक वयस्क बाई मोबाइल पुढे धरून दारात उभ्या राहिल्या.

"हे बघा हो. 'त्यांच्या पश्चात असा परिवार आहे.' असा म्हणजे कसा? मधलं कुठे गेलं?"

ताईंनी नोंद उघडली. त्यात एकच शब्द होता, शेजारीण. मला तो शिकवलेला नव्हता, म्हणून मी तो गाळला होता.

"ही नोंद तुम्हीच भरलीत?"

"हो. आजारपणात मीच होते त्यांच्याजवळ. दुसरं कोण होतं त्यांना?" मग त्या ओशाळल्या. "शेजारीण लिहायचं नसतं का? मला ठाऊक नव्हतं."

"लिहायचं असतं. चूक आमची आहे. बसा तुम्ही."

खोलीत खुर्ची एकच होती. ती बाईंना देऊन ताईंनी उभ्या उभ्याच मला दुरुस्त केलं. ओळखीचा नसलेला शब्द यापुढे आहे तसा छापायचा. पान पुन्हा उघडलं. 'त्यांच्या पश्चात शेजारीण असा परिवार आहे.' बाईंनी ते दोनदा वाचलं आणि डोळ्यांना पदर लावला.

त्या गेल्यावर ताई स्वतःशीच म्हणाल्या, "कोण कोणाचं, हे ठरवणारे आपण कोण?"

पुढची बरीच वर्षं मी ते पाळलं. कुणाच्या पश्चात वर्गमित्र होता, कुणाच्या पश्चात घरमालकीण, तर कुणाच्या पश्चात एक कुत्रा. मी सगळे छापले.

नंतर वेबसाइट बाहेरच्या कंपनीकडे गेली आणि ताईंची नोकरी सुटली. जायच्या दिवशी त्या नव्या प्रोग्रामरला म्हणाल्या, "बाकी काय हवं ते बदला. एवढं एक ठेवा."

"हो मॅडम, बघतो ना," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याला आणखी चार वेबसाइट उभ्या करायच्या होत्या. त्यानं तयार मिळालेलं फंक्शन आणून साच्यात बसवलं. त्यात ठरावीक नाती आहेत. बाकीचं ते गाळतं, आणि काहीच उरलं नाही तर आख्खं वाक्यच काढून टाकतं, त्यामुळे चूक दिसतही नाही.

मी अजून त्याच फाइलमध्ये पडून आहे. मला कोणी हाक मारत नाही. माझ्या डोक्यावर 'वापरात नाही' असा शेरा आला आहे. पुढच्या साफसफाईत मी जाईन.

आज सकाळी एक नोंद आली. एका म्हाताऱ्या शिंप्याची. पश्चात, 'मानलेली लेक'. नव्या फंक्शननं ती गाळली. पान स्वच्छ, नीटनेटकं दिसत होतं. तक्रार करायला कोणी आलं नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही अशी कामं कराल. एखादी जुनी ओळ निरुपयोगी वाटली तर खुशाल पुसा. पण ती कोणासाठी लिहिली होती, एवढं आधी विचारा. शिंप्याची ती मानलेली लेक घरी बसून पुन्हा पुन्हा ते पान उघडते आहे. तिला वाटतंय, भरताना तिचंच काहीतरी चुकलं असेल.