पट्टी सरळ धर

या, असे जवळ सरकून बसा. दार लोटून घ्या, म्हणजे रस्त्यावरचा गलबला आत यायचा नाही. आज गोष्ट सांगणार आहे ती राजाची नाही आणि साधुपुरुषाचीही नाही. एक फूटभर पट्टी, ती धरणारा एक हात आणि एक पत्र्याचा डबा, एवढाच तिचा पसारा. देवानं माणसाला डोळे दिले खरे, पण कुठली गोष्ट कधी दिसावी हे मात्र त्यानं स्वतःच्या हातात ठेवलं. एवढं मनाशी धरा आणि ऐका.

"बाबा, हा झाडू बघा की! अहो, हा तर थेट वरच्या मजल्यावरचे मास्तर! मधे टक्कल आणि कडेनं चार केस!"

मुलगी जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिच्या पुढ्यात पत्र्याचा डबा उघडा पडला होता आणि हातातल्या फोटोकडे बघून ती खदखदून हसत होती. खोली जवळजवळ रिकामी झाली होती. कपाट हललं होतं तिथे भिंतीवर त्याच्याच आकाराचा उजळ चौकोन उरला होता. पट्टीवाले खिडकीशी पाठमोरे उभे होते. ते वळले नाहीत.

"तो डबा उघडू नकोस म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"मी कुठे उघडला? झाकण आपणच निघालं."

"ते झाकण आपणच निघत नाही. मी ओळखतो त्याला."

दाराबाहेर पायरीवर बसलेल्या भंगारवाल्यानं मान आत घातली. "काका, लोखंडी पलंग गेला खाली. स्टोव्ह गेला. आता तो डबा तेवढा द्या, म्हणजे मी सुटलो."

"घेऊन जा."

"काही न्यायचा नाही!" मुलगी डब्यावर हात ठेवून म्हणाली. "दोन मिनिटं बसा दादा. पाणी पिऊन घ्या."

संध्याकाळपर्यंत घर रिकामं करून किल्ली द्यायची होती. तिथून पट्टीवाले मुलीच्या घरी जायचे होते, कायमचे. मुलीचं घर लहान. एक ट्रंक आणि एक पिशवी न्यायची असं ठरलं होतं. ट्रंक भरली, पिशवी भरली, आणि हा डबा त्यांनी स्वतःच्या हातानं दाराशी नेऊन ठेवला, भंगारात. बायको जाऊन अकरा महिने झाले होते, आणि त्या अकरा महिन्यांत त्यांनी तो एकदाही उघडला नव्हता.

आता हे पट्टीवाले कोण, ते सांगायला हवं. नुकसानभरपाईच्या ऑफिसात बत्तीस वर्षं फोटो काढायचं काम केलं त्यांनी. कुठे आग लागली, छप्पर खचलं, पाइप फुटून घरात पाणी शिरलं, की हे खांद्याला कॅमेरा आणि काखेत काळी-पिवळी पट्टी घेऊन हजर. जळकी खुर्ची असो की भिंतीतला तडा, शेजारी पट्टी धरल्याशिवाय फोटो काढायचा नाही, म्हणजे नुकसान केवढं ते बघणाऱ्याला कळतं. दुसरा नियम असा की फ्रेममध्ये माणूस नको. घर जळालेली बाई त्या खुर्चीला धरून रडत असली तरी तिला हळूच सांगायचं, "जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं की घरीदारी, लग्नकार्यात, कुठेही कॅमेरा डोळ्याला लावला की ते आपोआप तोंडातून निघायचं.

आणि नजर! भिंतीवरचा ओला डाग बघून ते सांगायचे, "हे पाणी कालचं नाही साहेब, दोन वर्षं झिरपतंय. मालकाच्या आत्ता लक्षात आलं, एवढंच." त्यांचा शब्द साहेबलोक खाली पडू देत नसत.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. एका जळालेल्या घराचे फोटो काढून ते आले होते. एका पाळण्याचा फोटो काढावा लागला होता. पाळण्यातलं मूल वाचलं होतं, देवाची कृपा, पण पट्टीवाल्यांच्या घशाखाली घास उतरेना. भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. बायकोनं बघितलं. स्वयंपाकघरातून कान तुटलेला कप आणला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, शेजारी ती काळी-पिवळी पट्टी उभी धरली आणि घसा खाकरून म्हणाली, "साहेब, आमच्याही घरचं नुकसान लिहून घ्या. गरिबाकडे जरा बघा."

रोलमध्ये दोन फोटो उरले होते. त्यांनी एक काढला. काढता काढता हसू फुटलं, आणि मग जेवले.

तेव्हापासून रोलच्या शेवटी उरलेले एक-दोन फोटो घरचे. पुढे रोल गेले, कॅमेरे बदलले, तरी घरच्या फोटोची कागदी प्रत काढायचीच हा नेम राहिला. फोटोमागे बायको तारीख घालायची आणि ऑफिसच्या भाषेत अहवाल लिहायची. पट्टीही तीच धरायची. ऑफिसच्या कामाला पट्टीवाले ती कशालाही टेकवून ठेवत, घरी मात्र ते चालायचं नाही. "माझ्या घरचं नुकसान आहे, पट्टी मीच धरणार!"

मुलगी आता मोठ्यानं वाचू लागली. "वस्तू: झाडू. नुकसान: निम्मे केस गेले. कारण: घरातला एक इसम रोज चुरा सांडतो. शिफारस: इसम बदलावा, झाडू अजून चालेल."

भंगारवाला पायरीवरून उठून आत येऊन बसला. "काय हो हे? सरकारी कागद आहे का?"

"हा ऐका. वस्तू: स्टूल. पाय: मूळचे चार, हजर तीन. चौथा रजेवर, अर्ज न देता."

"थांबा थांबा! हे स्टूल मीच नेलं होतं!" भंगारवाल्यानं मांडीवर थाप मारली. "तेव्हा तुमची आई म्हणाली, जपून ने बाबा, म्हातारं माणूस आहे. मी आपला दोन्ही हातांनी उचलून नेलं. खाली गेल्यावर माझं मलाच हसू आलं, अरे, मी स्टूल नेतोय की आजोबा!"

मुलगी हसली, भंगारवाला हसला. भोकातून अंगठा बाहेर आलेला मोजा, वाऱ्यानं उलटी होऊन गेलेली छत्री, झिजून पानाएवढी झालेली साबणाची वडी. "वस्तू: साबण. शेवटचा दिसला तेव्हा अंगावर होता." दोघं इतके हसले की मुलीनं पदरानं डोळे टिपले. खिडकीशी पट्टीवाले तसेच उभे.

"या ना बाबा, बसा जरा. किती मजेचे आहेत हे."

"तुम्हीच हसा."

"तुम्हाला नाही येत हसू?"

ते वळले. "तीनशे फोटो आहेत त्यात. झाडू आहे, स्टूल आहे, साबण आहे. तुझी आई कुठे आहे? एकात तरी तिचा चेहरा दाखव मला."

मुलगी डब्यातले फोटो चाळू लागली.

"मीच म्हणायचो ना, जरा बाजूला हो. शेवटच्या दुखण्यातसुद्धा." ते म्हणाले. "औषधाचा चमचा होता. म्हणाली, काढा याचा फोटो, माझ्यावर रोज दादागिरी करतो हा. मी कॅमेरा लावला. ती उशीला टेकून बसली होती, हसत होती, मागे तिचा चेहरा येत होता फ्रेममध्ये. आणि माझ्या तोंडातून निघालं. जरा बाजूला हो. तिनं मान वळवली भिंतीकडे. म्हणाली, घ्या, झाले बाजूला." त्यांनी डब्याकडे बोट केलं. "त्यानंतर एकही फोटो नाही. असला डबा घेऊन मी काय करू?"

भंगारवाल्याला अवघडल्यासारखं झालं. हातातला फोटो खाली ठेवावा की धरून राहावं हे त्याला कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला.

"पण काका, तुमचं काम मात्र एक नंबर हां. पट्टी कशी, ओळंबा लावल्यासारखी. फक्त हा बघा, ह्या छत्रीच्यात जरा कललीय. आणि ह्या साबणाच्यात जास्तच. माझी नजर लगेच जाते, तराजूचा धंदा आहे ना."

"कलली?" पट्टीवाले म्हणाले. "माझ्या फोटोत पट्टी कलत नाही."

त्यांनी पुढे येऊन ते दोन्ही फोटो घेतले. चष्मा चढवला आणि खिडकीच्या उजेडात धरले. मग खाली बसले, डबा पुढे ओढला आणि फोटो भराभर तारखांप्रमाणे फरशीवर मांडू लागले. कप. झाडू. स्टूल. आता ते वस्तूकडे बघतच नव्हते. पट्टीवर तर्जनी टेकवून ते कडेकडेनं सरकत होते.

प्रत्येक फोटोच्या कडेला, पट्टी धरलेला अंगठा होता. कपाच्या फोटोत तो कोवळा होता, नखाला रंग लावलेला. स्टुलाच्या वेळी त्याला चिंधी बांधलेली. त्या आठवड्यात विळीनं कापलं होतं, त्यांना आठवलं. पुढे नखाचा रंग गेला. कातडीला भेगा आल्या. एका फोटोत अंगठ्याला पीठ होतं, एकात मुलीच्या शाळेतली शाई. पट्टी मात्र सगळीकडे ताठ उभी. वर्षामागून वर्षं.

आणि मग मोज्याचा फोटो. पट्टी केसभर डावीकडे. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. सात महिन्यांनी छत्री, बोटभर. त्या वेळी काय झालं ते त्यांना लख्ख आठवलं. ते ओरडले होते, "पट्टी सरळ धर की गं! एवढं साधं काम!" ती म्हणाली होती, "हो हो, धरते." त्याच्या पुढच्या फोटोत, पट्टीच्या पायथ्याशी, आणखी दोन बोटं होती. तिथून पुढे प्रत्येक फोटोत होती. ती दोन्ही हातांनी पट्टी धरत होती.

पट्टीवाल्यांनी मोज्याचा फोटो उलटा केला. तारीख बघितली. बोटांवर महिने मोजले. तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले त्याच्या एकवीस महिने आधीची तारीख. डॉक्टर म्हणाले होते, थोडं आधी आला असता तर बरं झालं असतं. आणि ते डॉक्टरांना म्हणाले होते, "आधी काही दिसलंच नाही हो."

परक्यांच्या भिंतीतलं पाणी दोन वर्षं मागे जाऊन शोधणारा माणूस तो. फोटो हातात धरून बसून राहिला. मायबापहो, ती वेळ कुणावर येऊ नये.

मुलगी बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिनं फरशीवरची रांग बघितली, कललेल्या पट्ट्या बघितल्या, तळाची दोन बोटं बघितली. तिला किती कळलं ते देव जाणे. ती बापाजवळ सरकली आणि साबणाचा फोटो उचलून म्हणाली,

"हसत असेल हो ती, बाबा. तिला कुठे आवरायचं हसू? हसताना हात हलला असेल, म्हणून पट्टी कलली."

हसताना हललेली पट्टी फोटोत पुसट येते. कललेली पट्टी येते ती स्पष्ट, वरचा आकडा न् आकडा वाचता येईल अशी. हे पट्टीवाल्यांना बत्तीस वर्षांपासून ठाऊक होतं. साबणाशेजारचे आकडे त्यांना चष्म्याशिवायही दिसले असते.

"हो," ते म्हणाले. "हसतच असेल."

मग त्यांनी फोटो गोळा केले, तारखेनं लावले, डब्यात ठेवले आणि झाकण दाबून बसवलं. भंगारवाला उठला.

"डबा राहू द्या काका. मी मागितलाच नाही असं समजा." दाराशी जाऊन तो थांबला. "त्या स्टुलाचा फोटो आहे ना, तो जपा. चांगलं होतं बिचारं."

"माझ्या कपाटाच्या वर ठेवू आपण डबा," मुलगी म्हणाली. "तिथे जागा आहे."

"वर नको. खाली ठेव. हाताला येईल असा."

त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला. तो भंगारात टाकायचं त्यांना काही जमलं नव्हतं. ट्रंकेच्या तळातून पट्टी काढली. खिडकीच्या कट्ट्यावर, जिथे पहिल्या दिवशी कप ठेवला होता, तिथे चहाच्या कपाचं एक तपकिरी वर्तुळ होतं. रोज तिथेच कप ठेवायची ती. घासून घासूनही ते गेलं नव्हतं.

"धर जरा," त्यांनी पट्टी मुलीच्या हातात दिली.

मुलीनं ती वर्तुळाशेजारी उभी धरली, अगदी आईसारखी, अंगठा पुढे आणि बोटं मागे. पट्टीवाल्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मुलगी सवयीनं मागे सरली.

"थांबा, बाजूला होते. फ्रेममध्ये येतेय मी."

"नको," पट्टीवाले म्हणाले. "ये. चेहरा येऊ दे."

"पट्टी हलतेय बाबा. हात थरथरतोय माझा."

"हलू दे."

असा तो फोटो निघाला. त्याच्या मागे अजून कुणी काही लिहिलेलं नाही.

तर गोष्ट एवढीच, मंडळी. घरी जाल तेव्हा एखादा कान तुटलेला कप दिसेल, मोज्यातून डोकावणारा अंगठा दिसेल. हसू आलं तर खुशाल हसा; तिला ते आवडलं असतं. फक्त हसून झाल्यावर कडेला एकदा बघा, पट्टी कुणी धरलीय ते. आणि दिवा लावताना तुमच्या माणसांसाठी देवाकडे काही मागाल, तेव्हा त्या दोन्ही हातांनी पट्टी धरणारीची आठवण ठेवा.