कमळाकरचा उजवा हात

रोह्याचा कमळाकर म्हणजे केरूबुवांच्या भजनातली पेटी. चौऱ्याण्णवच्या गणपतींनंतर अर्धांगवायूने त्याचा डावा हात गेला, आता भाता कोण हलवणार? बुवा पेणहून भेटायला आले आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, हनुमान जयंतीला कासूचा जनू वाजवील, तू आराम कर. आराम! माणसाला जिवंतपणी भिंतीवर टांगायची ही गोड रीत.

कमळाकर कसला ऐकतोय! शेजारच्या नझीरने मस्कतहून कीबोर्ड आणला होता. त्याला भाता नव्हता, पण डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे तीन-चार सूर, धराव्या लागत. नझीरने तोड काढली. कॉर्ड आधी एकामागून एक दाबून मेमरीत ठेवायच्या, मग बटण दाबलं की यंत्रच डावी बाजू सांभाळतं आणि उजवा हात चालीला मोकळा. कीबोर्ड कमळाकरच्या घरी मुक्कामाला आला. तीन महिने तो त्यावर घासत होता. डावा खांदा मात्र सवयीने नसलेला भाता ओढत राही, आणि त्याची बायको अनिता ते बघून आत जाऊन डोळे पुसी.

मग त्याने बुवांना बोलावून घेतलं. बुवांनी अभंग धरला, आणि दुसऱ्याच ओळीला त्यांना लहर आली. एकच शब्द खेळवत बसले. कमळाकरची पेटी तिथे थांबली असती. यंत्र कशाला थांबतंय? ते पुढे निघून गेलं.

बुवा हसले. "राहू दे रे. ह्याला समोरचा माणूस कळत नाय."

कमळाकरच्या जिव्हारी लागलं. कीबोर्ड उचलून अंगणात भिरकावावा असं वाटलं. पण त्याने मेमरी पुसली आणि बुवांना परत गायला लावलं, हवं तिथे थांबा म्हणाला. बुवा गात गेले, तो उजव्या हाताने नुसत्या कॉर्ड दाबत गेला. बुवांची प्रत्येक लहर, प्रत्येक श्वास त्याने यंत्रात घातला.

"पण मी दुसऱ्यांदा तसंच कुठे गातो?" बुवा म्हणाले.

"चाळीस वर्षं मी तुमच्या गळ्यामागून चाललो, बुवा." कमळाकरने बटणावर बोट ठेवलं. "आता तुम्ही माझ्या हातामागून चला."

बुवा अनिताकडे पाणी मागून घोटभर प्यायले, आणि जनूला येऊ नको म्हणून उद्याच निरोप धाडतो म्हणाले.

"चल, पहिल्यापासून लाव."