डोरल्यावरचे दात

मंगळवारी सकाळी साडेसहाला सत्यभामानं सुनेच्या हातची भाकरी कुत्र्यापुढं टाकली. तव्यावरून नुकतीच उतरलेली, टम्म फुगलेली ज्वारीची भाकरी. कुत्र्यानं ती आधी हुंगली, सत्यभामाकडं एकदा बघितलं आणि मग तोंड लावलं.

घडलं होतं ते एवढंच. निकिता काटवटीवर वाकून पीठ मळत होती. घामानं तिचा गळा थबथबला होता. गळ्यातल्या डोरल्याच्या तारेखालून पिवळट पाण्याचा एक थेंब ओघळला, गळ्याच्या हाडावर क्षणभर लोंबला आणि खाली पडला. पिठात पडला की काटवटीच्या बाहेर, हे सत्यभामाला नीट दिसलं नाही. नीट दिसलं नाही म्हणूनच ती भाकरी कुत्र्यापुढं गेली.

निकितानं भाकरी जाताना बघितली. पदरानं गळा टिपला आणि दुसरा उंडा हातात घेतला.

येरमाळ्याहून आत वळलं की हे गाव लागतं. परतीच्या पावसानं काढणीला आलेलं सोयाबीन भिजवलं होतं. शेंगेतल्या शेंगेत कोंब फुटले होते, ढिगाऱ्यातून वाफ निघत होती आणि कुजका, आंबूस वास घराघरात शिरून बसला होता. सत्यभामाला वाटायचं, हा वास शेतातून येत नाही, सुनेच्या गळ्यातून येतो. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

लग्न वैशाखात झालं. सत्यभामाचा एकुलता एक रणधीर आणि नळदुर्गच्या बजरंगची थोरली लेक निकिता. हायवेला बजरंगचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. पोरगी बारावी शिकलेली, कामाला वाघीण, नाव ठेवायला जागा नव्हती. घराच्या रीतीप्रमाणं सत्यभामानं स्वतःच्या गळ्यातलं डोरलं, सोन्याच्या दोन वाट्यांचं, सुनेला दिलं आणि आपण साधी काळी पोत घातली. लग्नाच्या आधी नवरा बब्रुवान ते डोरलं कळंबला घेऊन गेला. पॉलिश करून, मणी दोऱ्याऐवजी पिवळ्या तारेत गाठवून त्यानं ते हळदीच्या गर्दीत आणून दिलं. घरात पाव्हणे मावत नव्हते. सत्यभामानं लाल फडक्यातलं डोरलं तसंच ताटात ठेवलं.

आषाढात निकिताच्या मानेवर पुरळ उठलं. आधी घामोळं म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग म्हणाले, गाजरगवत लागलं. मग म्हणाले, सोयाबीनची कूस. पुरळाचे फोड झाले, फोड फुटून लस वाहायला लागली. पाठीवर जिथं ब्लाउजचे हूक येतात तिथं खालपर्यंत चट्ट्यांची एक ओळ उमटली. पायातल्या जोडव्यांखाली बोटं चिरली. निकिता नेलपॉलिशची बाटली घेऊन एकेका हुकाला रंग देत बसायची. सत्यभामानं ते बघितलं आणि शेजारच्या शिवम्माला सांगितलं की आमच्या सूनबाईला नखं पुरंनात, आता हुकं रंगवायलीय. दोघी पोट धरून हसल्या.

तेव्हाच एकदा निकितानं विषय काढला होता. माहेरी तिला खोट्या कानातल्यानं असंच व्हायचं. जीन्सच्या बटनानं बेंबीखाली रुपयाएवढी जखम केली होती. नळदुर्गच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं की निकल म्हणून एक धातू असतो, तो हिला सोसत नाही, घामात तर मुळीच नाही. अस्सल सोनं मात्र चालेल, आणि हुका-बटनांवर रंगाचा थर द्यावा. सत्यभामानं ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही. सुनेनं सासूचं डोरलं खोटं म्हणावं, यापलीकडं तिच्या कानात काही शिरलं नाही. निकितानं तो विषय पुन्हा काढला नाही.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसे मग उपाय सुरू झाले. शिवम्मा म्हणाली, ही नागीण आहे, तिचं तोंड आणि शेपूट गळ्याभोवती एक झालं की माणूस हाती लागत नाही. तिनं काव उगाळून थापली. तिच्याच ओळखीचा एक गंडेदोरेवाला आला. त्यानं लिंबाचा पाला तोंडात चघळला आणि हिरव्या लाळेसकट सुनेच्या गळ्यावर थुंकला. तीनदा. वर पत्र्याचा ताईत बांधला, नेमका उघड्या जखमेवर. पोरीनं डोळे मिटून घेतले. रणधीर दारात उभा राहून मोबाइल बघत होता.

नवरात्रात मात्र नवल झालं. या घरात घट बसले की सुनेचं डोरलं देवीच्या माळेला अडकवतात आणि दसऱ्यापर्यंत ती दोऱ्यात ओवलेलं हळकुंड गळ्यात घालते. जोडवी उतरायची, ताईत-गंडा काढायचा, देवीपुढं सगळ्या खुणा सारख्या. पाचव्या माळेला निकिताच्या गळ्यावर खपली धरली. आठव्या माळेला कातडी सुकली. येडेश्वरी पावली, असं गावभर झालं. सत्यभामाचं मन भरून आलं. तिनं येरमाळ्याला जाऊन देवळाच्या वाटेवरच्या दुकानातून देवीच्या मुखाचं एक चकचकीत पदक साखळीसकट आणलं. दसऱ्याला डोरलं परत चढवलं आणि त्याच्या शेजारी हे पदकही घातलं. देवीनं बरं केलं, तर देवी गळ्यात असावी, एवढाच तिचा विचार.

आठवडा उलटायच्या आत गळा पहिल्यापेक्षा वाईट फुटला.

आता लोकांची जीभ सुटली. देवीनं बरं केलेलं उलटतं म्हणजे दुखणं मुळातलं असणार. कुणीतरी रगतपिती हा महारोगाचा शब्द काढला आणि तो पाणवठ्यावरून सोसायटीच्या ओट्यावर गेला. बब्रुवान सोसायटीचा संचालक. पांढरे कपडे, बोटात वाघाच्या तोंडाची जाड अंगठी. ती अंगठी आपल्याला मुंबईत साहेबांनी स्वतःच्या बोटातून काढून घातली, असं तो सांगत असे. ओट्यावर आपल्या घराचा विषय निघालेला त्याला सोसला नाही. त्यानं नळदुर्गला फोन लावला आणि बजरंगला सांगितलं, रोगट लेक आमच्या गळ्यात मारलीत, गुरुवारी येऊन घेऊन जा.

म्हणजे मंगळवारी ती भाकरी टाकली गेली तेव्हा निकिताचे त्या घरातले दोनच दिवस उरले होते.

पुरुष शेतात गेल्यावर निकिता सासूसमोर येऊन उभी राहिली. गळ्यावर माशी बसत होती, ती तिनं हाकललीही नाही.

"आत्या, मी गुरुवारी जाते. पण रगतपिती घेऊन जात न्हाय. सोन्यानं मला कदी काय झालेलं न्हाय."

"मंजी माझं डोरलं खोटं?"

"मी तसं न्हाय मनलं."

"मग कसं मनलीस?"

सत्यभामाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं ते डोरलं तिच्या गळ्यात होतं. उन्हात, पावसात, बाळंतपणात. कधी तीळभर खाजलं नव्हतं. तिनं ठरवलं, आजच चिंचेनं लख्ख करायचं आणि गुरुवारी इवायाच्या, बजरंगच्या नाकासमोर धरायचं. सोनं बघ आणि लेकीचं कातडं बघ, म्हणायचं.

गळा उघडा राहू नये म्हणून तिनं आधी हळकुंडाचा दोरा बांधला. मग डोरल्याला हात घातला. तार निघेना. ती मांसात रुतून लशीत चिकटली होती. कोमट पाण्यानं भिजवून, नखानं सोडवत ती काढावी लागली. तारेबरोबर कातडीचा पातळ पापुद्रा आला. तोच आंबूस वास. सत्यभामानं तोंड फिरवलं आणि श्वास धरला. पोरीच्या पायाची बोटं आवळली होती.

मोरीत बसून सत्यभामानं चिंच आणि राख घेतली आणि वाट्या घासायला लागली. पुढच्या अंगानं चमकल्या. मागच्या अंगानं पिवळं निघून हाताला लागलं आणि खालून पांढरट, मेलेला रंग वर आला. घासून घासून झिजलं असंल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण तोवर अंगठा सवयीनं डाव्या वाटीवर गेला होता.

रणधीर आठ-नऊ महिन्यांचा असताना त्याला दात येत होते. मांडीवर घेतला की डोरलं तोंडात धरून चावायचा. डाव्या वाटीवर त्याच्या पहिल्या दोन दातांचे दोन खळगे पडले होते. सोनं मऊ असतं. नवरा रात्री उशिरा यायचा तेव्हा, पाऊस लांबायचा तेव्हा, पोरगं तापानं फणफणायचं तेव्हा सत्यभामाचा अंगठा त्या खळग्यांवर फिरायचा. खळगे ती डोळे मिटून ओळखायची.

वाटी गुळगुळीत होती. दोन्ही वाट्या गुळगुळीत होत्या.

पॉलिश करताना सोनारानं ठोकून सरळ केलं असंल, असाही विचार तिनं करून बघितला. मग काही न सुचून तिनं वाटी दाढेखाली धरली आणि जोरात चावली. दाढेत कळ गेली. वाटीवर ओरखडाही उठला नाही. जिभेवर चिंचेचा आंबटपणा आला, जुन्या खिळ्याचा आला, आणि त्याच्या मागून तो तिसरा, सुनेच्या गळ्यातला आंबूस वास आला. हे आत्ताच कुठून निघालं ते तेव्हा तिला आठवलं. ती मोरीतच भडाभडा ओकली.

निकितानं तिच्या कपाळाला हात लावून धरला होता. सकाळी भाकरी थापलेला हात.

दुपारी बब्रुवान जेवायला आला. सत्यभामानं वाढलं. तो कालवणात भाकरी कुस्करत होता. अंगठीतल्या वाघाच्या जबड्यात कालवण शिरत होतं आणि तो बोट तोंडात घालून अंगठीसकट चोखत होता. वैशाखाच्या आधी ते बोट मोकळं होतं. सत्यभामा त्या बोटाकडं बघत राहिली. त्यानं आणखी भाकरी मागितली. तिनं ती लांबून टाकली, कुत्र्याला टाकतात तशी. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही.

बुधवारी डोरलं दिवसभर तिच्या कनवटीला होतं.

गुरुवारी दहाला बजरंग आला. सोबत त्याचा धाकटा भाऊ. ओसरीवर बब्रुवान, रणधीर आणि बोलावल्या-न बोलावल्यासारखे गावातले चार जण बसले. शिवम्मा भिंतीला टेकून होती. बब्रुवाननं सगळं सांगितलं. आपला विश्वासघात झाला, देवीचं बरं केलेलं उलटलं, आमच्या घराला चारचौघांत मान आहे. बजरंग हात जोडून ऐकत होता. हातांच्या रेषांत टायरचं काळं मुरलेलं. म्हणाला, लेकीला खोटं सोसत नाही, हे मी बोलणीच्या वेळी तुमच्या कानावर घातलं होतं, म्हणूनच डोरलं सोन्याचं आहे ना, असं विचारलं होतं. बब्रुवान म्हणाला, मग सोन्याचंच घातलं की. बघणाऱ्यातला एक जण हसून पुटपुटला, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. तो पोरीच्या बापाला टोमणा होता.

तेव्हा सत्यभामा आतून आली. पदर खोचलेला. एका हातात स्टीलचं ताट, ताटात डोरलं. दुसऱ्या हातात अर्धी खाल्लेली भाकरी. सगळ्यांदेखत तिनं भाकरीचा एक घास मोडून तोंडात टाकला, सावकाश चावून गिळला आणि म्हणाली,

"ही निकीच्या हातची हाय."

मग ताट नवऱ्यासमोर ठेवलं.

"हे चावा."

"डोकं फिरलं का तुझं?"

"म्या चावलंय. आता तुमी चावा. रण्याला दोनच दात हुते तवा त्यानं चावलं तर खळगा पडला हुता. तुमाला तर बत्तीस हायेत."

बब्रुवाननं डोरल्याकडं बघितलं आणि आवाज चढवला. म्हणाला, सोनारानं फसवलं, भडव्याला सोडत नाही. सत्यभामानं विचारलं, कुठला सोनार, नाव सांगा, रणधीर गाडी काढंल, आत्ताच कळंबला जाऊ. बब्रुवान म्हणाला, नाव आता ध्यानात नाही. बोलताना त्यानं उजवा हात धोतराच्या घडीत घातला. हात घातला म्हणूनच सगळ्यांनी त्या हाताकडं बघितलं. बजरंगनंही बघितलं. सत्यभामा अंगठीबद्दल एक अक्षर बोलली नाही. थुंकायला अंगणात गेली आणि परत आली.

मळणीयंत्र येणार आहे, असं म्हणत बब्रुवान उठला. चौघं जण एकेक करून उठले. शिवम्मा जाता जाता म्हणाली, मी तर पहिल्यापासून म्हणत होते. काय म्हणत होती, ते तिला कुणी विचारलं नाही.

दुपारच्या एसटीनं बजरंग लेकीला घेऊन गेला. घेऊन गेला की धाडून दिली, यावर गावात दोन मतं आहेत. दिवाळीपर्यंत राहू द्या, एवढंच तो बोलला. निकिताच्या गळ्यात हळकुंडाचा दोरा तेवढा होता; देवीचं पदकही सत्यभामानं उतरवून देव्हाऱ्यात ठेवलं होतं. रणधीर फाट्यापर्यंत पिशवी घेऊन गेला आणि बस हलल्यावरही बराच वेळ तिथं उभा होता, असं पानटपरीवाला सांगतो.

शुक्रवारी संध्याकाळी बब्रुवान शेतातून आला तेव्हा बोट मोकळं होतं. पांढरा पट्टा तेवढा उरला होता. मळणी करताना अंगठी सोयाबीनच्या भुसात पडली, असं त्यानं आपणहून सांगितलं. सत्यभामानं भूस चाळून देते म्हटलं. तो म्हणाला, राहू दे.

रविवारी निकिताचा फोन आला. गळा सुकलाय. डॉक्टरीणबाईनं मलम दिलंय. येऊ का, असं तिनं विचारलं नाही आणि ये, असं सत्यभामाही म्हणाली नाही. तिनं विचारलं ते एवढंच, की ब्लाउजच्या पाठीला गुंड्या मोठ्या लावू का बारीक. मग निकिता म्हणाली, बारीक.

सोमवारी सकाळी साडेसहाला कुत्रं दारात येऊन बसलं होतं. चुलीपाशी सत्यभामा एकटी होती. पाटावर निकिताचे चार ब्लाउज, त्यांतल्या दोनांचे हूक काढून प्लास्टिकच्या गुंड्या लावून झालेल्या. काढलेले हूक आणि ते डोरलं एकाच वाटीत पडलेलं. नवऱ्याचं ताट अजून वाढलेलं नव्हतं. अंगठी सापडली नव्हती आणि सोनाराचं नावही बब्रुवानला अजून आठवलेलं नव्हतं.