डाव्या पायाची जागा

ज्याने विद्या दिली त्याचे ऋण आजन्म मानावे. परंतु त्याची चूकही त्याच निष्ठेने जपावी काय, हा प्रश्न वहिनींपुढे उभा राहिला तो धाकट्या दिरांच्या गॅरेजात.

दिवंगत पतीने शिकविल्याप्रमाणे वहिनी पिकअप स्वतः चालवीत आणि रोपवाटिकेतील कुंड्या, मातीची पोती घरोघर पोहोचवीत. त्या सकाळी चढावर इंजिन गर्जत राहिले, गाडी मात्र जागची हलेना. दिरांनी ती ओढून आणली, गिअरबॉक्स उतरविला आणि झिजून रिव्हेट उघडे पडलेली क्लच प्लेट वहिनींच्या हाती ठेवली.

"पाय सतत क्लचच्या पेडलवर टेकवून ठेवता ना? त्यानेच प्लेट झिजते. हुबेहूब दादासारखा!"

"त्यांनीच तसं शिकवलं, भावोजी."

"दादा शिकवायचा झकास, पण क्लच खायचा चण्यासारखे! थोरला भाऊ, बोलणार कोण?"

त्यांनी जास्त ओझे पेलणाऱ्या भारी क्लचचे खोके पुढे सरकविले. "हा बसवू. पाय टेकवलात तरी जरा जास्त दम धरेल."

तसाच क्लच असलेली एक गाडी शेजारी उभी होती. वहिनींनी तिचे पेडल दाबून पाहिले. ते ताठ होते. दुखऱ्या गुडघ्यामुळे त्यांना ते अर्ध्यापुढे दाबवेना.

"मग गाडी मी चालवतो की," दीर मायेने म्हणाले. "तुम्ही रोपं सांभाळा."

वहिनी खाली उतरल्या. "गाडी माझी, पायही माझा. साधाच बसवा. पोती कमी भरीन, खेपा वाढवीन."

"आणि सवय? दादाची आठवण ना ती?"

"आठवण मनात राहील. पायात कशाला हवी?"

रोपांच्या खोक्याची एक जाड फळी त्यांनी आणली आणि पेडलच्या डावीकडे, पाय टेकण्यापुरती, स्क्रूने बसवून घेतली. दिरांनी नवी प्लेट मधोमध साधली, समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळले, गिअरबॉक्स चढविला.

मग तोच चढ आला. गिअर पडताच वहिनींचा पाय पेडलकडे परतू लागला. त्यांनी तो निग्रहाने फळीवर आणला. पुन्हा वळला, पुन्हा आणला. गाडी शांतपणे चढून गेली.

शेजारी दाराची मूठ घट्ट धरून बसलेले दीर म्हणाले, "पेडलवरचा पाय सुटला, वहिनी. आता माझाही जीव सोडा!"

वहिनी कित्येक महिन्यांनी मोकळेपणाने हसल्या.

त्या पायाला बळ लाभो, त्या मेकॅनिकच्या हातांना यश लाभो; आणि जो शिकवून गेला, त्यालाही शांती लाभो.