लाँगवेव्हवरचा गुरुवार

सकाळी पावणेसहालाच मी रेडिओ लावला. अकरा वाजता माझा नवरा बोलणार होता, आणि त्याला जाऊन चार महिने झाले होते.

फेब्रुवारीत लंडनहून रेडिओवाली एक मुलगी टेपरेकॉर्डर घेऊन आली होती. आमच्या फ्लीटवुड बंदरातल्या जुन्या मच्छीमारांच्या आठवणी हव्या होत्या तिला. माझा सिरिल बोटीवरचा तांडेल. एकवीस वर्षं त्यानं आइसलँडच्या बाजूला बोट नेली. त्या मुलीनं मला गोड बोलून बाहेर काढलं. म्हणे, माझ्या चपलांचा आवाज टेपवर येतो. माझ्याच स्वयंपाकघरातून मला हाकललं! दीड तास मी बाजारात हिंडले. परत आले तर सिरिल खिडकीशी बसलेला, डोळे लाल.

"काय विचारलं तिनं?"

"माशांचं," म्हणाला.

मार्चमध्ये तो गेला. मग त्या मुलीचं पत्र आलं. कार्यक्रम जुलैत, गुरुवारी, अकराला. खाली लिहिलं होतं, 'त्यांनी कॉलिनबद्दलही सांगितलं आहे.'

कॉलिन आमचा मुलगा. एकोणीस वर्षांचा असताना बापाच्या बोटीवरून लाटेनं ओढून नेला. देहसुद्धा मिळाला नाही. त्या पहाटे त्याला जायचं नव्हतं. ताप नाही, काही नाही, नुसतं 'आज नको वाटतंय' म्हणत होता. सिरिल म्हणाला, राहू दे त्याला. मीच पांघरूण ओढलं आणि ओरडले, "आळशी मेल्या, बाप निघालाय आणि तू लोळत पडतोस?" हे आम्हा तिघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतर इतकी वर्षं सिरिलनं कॉलिनबद्दल चकार शब्द काढला नाही. मला दोष दिला नाही, आणि दोष देत नाही असंही कधी म्हणाला नाही. आज तो काय सांगणार, एवढंच मला ऐकायचं होतं. माझं नाव घेऊन शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

आधी समुद्राचं हवामान झालं. मग शेतीचा कार्यक्रम, मेंढ्यांच्या खुरांना होणारा कसलासा रोग. बातम्यांनंतर एक जण मंत्र्याची खरडपट्टी काढत बसला आणि मंत्री निगरगट्टपणे हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा बोलत राहिला. पावणेदहाला प्रार्थना. देवाशी माझं जमत नाही, पण बंद केलं नाही. मग बायकांचा कार्यक्रम. पन्नाशीनंतर पोहायला शिकलेली कुणी बाई स्वतःचंच कौतुक करत होती. मी चांगला ब्लाउज घातला होता. कशासाठी, विचारू नका.

अकराला लागलं क्रिकेट.

मला वाटलं, दोन मिनिटांत आटपेल. आटपलं नाही. साडेअकराला मँचेस्टरला पाऊस आला आणि मी चक्क हात जोडले. खेळ थांबला, आता सिरिलला आणतील. पण ते समालोचक ऐकणाऱ्या कुणा बाईनं पाठवलेल्या केकवर बोलायला लागले. अर्धा तास केक! बाराला मध्येच हवामान आलं तेव्हा जीवात जीव आला, आणि परत तेच. मी जेवले नाही. संडासला गेले तेही दार उघडं ठेवून.

चारला डोरीन आली. ही माझी शेजारीण, तळलेले मासे आणि चिप्स विकणाऱ्या दुकानात दुपारची पाळी करते. हातात कागदात गुंडाळलेले गरम मासे, डोळे सुजलेले.

"विन, काय बोलला गं सिरिल! मी रडत बसले आणि कामावर उशीर. मालकानं झापलं ते वेगळंच."

"कधी बोलला?"

"कधी म्हणजे? अकराला."

"अकराला क्रिकेट होतं."

तिनं रेडिओकडे बघितलं. "अगं बये, हा लाँगवेव्हवर आहे! कसोटी असली की त्यावर दिवसभर क्रिकेट असतं. बाकीचं एफएमवर. शेंबड्या पोराला माहीत आहे."

मलाही माहीत होतं, सकाळपासून ध्यानातच आलं नाही. समुद्रावर फक्त लाँगवेव्हच पोचायची, म्हणून सिरिल घरीसुद्धा काटा हलवू द्यायचा नाही. तो गेल्यावर मीही हलवला नाही. धूळ पुसायची ती भोवतीनं.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

डोरीन बसली. "कॉलिनचं सांगितलं. म्हणाला, पोराला यायचं नव्हतं. आई म्हणत होती राहू दे. मी पांघरूण ओढलं, मी ओरडलो, आळशी मेल्या म्हणालो. तिचं ऐकलं असतं तर पोर आज असतं, म्हणाला."

मी हात लांबवून रेडिओ बंद केला.

"आणि इतकी वर्षं तू त्याला जेवायला वाढलंस! गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण मी असते ना, तर घराबाहेर काढलं असतं."

"डोरीन, पांघरूण मी ओढलं होतं."

"काय?"

"मी ओरडले. तोच राहू दे म्हणत होता."

तिनं माझा हात धरला. तिच्या बोटांना व्हिनेगरचा वास होता. "नको गं विन. मेल्यावरही त्याला पाठीशी घालतेस?"

"खरं सांगतेय मी!"

"खरं काय ते त्यानं सांगितलं ना. रेडिओवर, स्वतःच्या तोंडानं. साऱ्या देशानं ऐकलंय." आणि तिनं उठून चहाचं पाणी ठेवलं.

मग मी पाद्र्याला सांगितलं. पोस्टातल्या बाईला सांगितलं. सिरिलच्या बहिणीला तर फोनवर ओरडून सांगितलं. सगळे तेच म्हणतात, विनिफ्रेड, किती मोठं मन गं तुझं.