ब्रेडवरचा थापा

लोणारहून एस.टी.ने शाळेत येताना मी ब्रेडचा पुडा आणला. चौथीच्या मुलांना हात धुण्याचे महत्त्व तोंडाने सांगून झाले होते. आता ते त्यांना डोळ्यांनी दिसावे, असे वाटत होते. एक स्लाइस मळक्या हातांनी दाबायचा, एक साबणाने धुतलेल्या हातांनी, आणि दोन्ही प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद करून ठेवायचे. आपण ज्याला शिवतो त्यावर आपल्या हातांवरचे जंतू मागे राहतात, मी म्हणालो. ते दिसत नाहीत, पण असतात, आणि वाढत जातात.

शेवटच्या रांगेतल्या काजलने हे वाक्य मला पुन्हा म्हणायला लावले. तिची आई जयमाला दिवाळी होताच ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली होती आणि काजल आत्याजवळ राहत होती. सुट्टीत ती हळूच टेबलाशी आली.

"सर, मायचा हात बी उगवन का?"

त्यांच्या घरची एक रीत होती. गाव सोडताना आईने दाराशेजारी भिंतीवर ओल्या हळदीने आपल्या हाताचा थापा उमटवायचा, आणि ती परत येईपर्यंत तो कोणी पुसायचा नाही. काजलला एक स्लाइस त्या थाप्यावर दाबायचा होता. प्रयोगात भिंतीला जागा नव्हती. पण माझी आई वारल्यानंतर वडिलांनी आमच्या चिखलीच्या घराला रंग दिला आणि तिचे थापे त्याखाली गेले, ते मला आठवले. मी काजलला स्लाइस दिला. दुसऱ्या दिवशी तिने तो थाप्यावर दाबून आणला, आणि तोही पिशवीत बंद होऊन खिडकीत गेला.

त्यानंतर ती रोज प्रार्थनेआधी खिडकीतली आपली पिशवी उजेडात धरून पाही. मीही पाहत असे, ती गेल्यावर.

मग डाग आले. धुतलेल्या हातांचा स्लाइस पांढरा राहिला, मळक्या हातांच्या स्लाइसवर करडे-हिरवे ठिपके उठले, आणि सर्वांत जास्त बुरशी काजलच्या स्लाइसवर होती. भागवतने निष्कर्ष काढला.

"काजलच्या मायचे हात लय घाण हायेत बे."

वर्ग हसला. ही बुरशी भिंतीवरच्या धुळीची आहे, हातांची नव्हे, असे मी समजावू लागलो, आणि आपण हिच्याकडून हिची आईच काढून घेतो आहोत हे जाणवून मध्येच थांबलो. काजलचे लक्ष कोणाकडेच नव्हते. तिने पिशवी उजेडात धरली आणि मला जवळ बोलावले. जिथे हळद लागली होती तिथे बुरशी विरळ होती, आणि त्या विरळ जागेला चार बोटांचा आकार होता.

पिशव्या न उघडताच पुरायच्या, हे मीच सांगितले होते. शाळेमागे खड्डा खणला. काजलने आपली पिशवी सर्वांच्या शेवटी दिली. त्याआधी तिने प्लास्टिकवरूनच आपली बोटे त्या बोटांवर ठेवून पाहिली. तिची आखूड पडली.

मग सगळे हातपंपावर आले. मी हापसत होतो.

"माय आली का तिले बी असेच हात धुवायले शिकवीन," ती म्हणाली.

आई कधी येणार, हे तिने विचारले नाही. तिचे हात केव्हाच स्वच्छ झाले होते. तरी ती बोटांच्या फटी घासत राहिली, आणि मी हापसत राहिलो.